नाव ठेवणारी

"आत्या, तू मागं बस. तुला नसतंय."

शिवांजलीनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. चपला बाहेर काढायच्या असतात, जेवताना पाय पसरायचे नसतात, असं सांगावं तसं. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्या बाई सांगलीला विश्रामबागेत नव्यानंच राहायला आल्या होत्या, आणि सकाळी घरोघर बेल वाजवून 'सगळ्याजणी या हं' म्हणून सांगून गेल्या होत्या. राजेश्वरी एरवी गेली नसती. पण चार वर्षांच्या भाचीला नवं परकर-पोलकं घालून मिरवायचं होतं, म्हणून ती तिचा हात धरून वर आली होती आणि बायकांच्या रांगेत उभी राहिली होती. बाईंचं कुंकवानं भरलेलं बोट तिच्या कपाळाच्या जवळ आलं होतं. तेवढ्यात शिवांजलीनं तिच्या पदराचं टोक धरून तिला मागं ओढलं आणि ते वाक्य बोलली. बोट हवेत थांबलं. कुणीतरी तिळगूळ छान झालाय म्हणालं. बाई गडबडून म्हणाल्या, असं काही नसतं गं बाळा. पण बोट पुढं आलं नाही, आणि राजेश्वरीही पुढं झाली नाही. गॅसवर दूध ठेवून आलेय असं काहीतरी सांगून ती जिना उतरली. गॅसवर काही नव्हतं. दार उघडून ती स्वयंपाकघरात गेली आणि बंद शेगडीपुढं उभी राहिली. तिला राग आला नव्हता, रडूही येत नव्हतं. तिकीट न काढता गाडीत बसावं आणि तपासनिसानं नेमका आपल्याच खांद्यावर हात ठेवावा, तसं काहीतरी वाटत होतं. आपण चुकून पुढं गेलो आणि सापडलो, एवढंच. हे असं वाटलं, याचंच तिला नंतर जास्त लागलं.

तिच्या नवऱ्याला, वीरधवलला, जाऊन पाच वर्षं होत आली होती. तो लढाईत गेला नव्हता. फौजेतून सुट्टीवर आला, शिराळ्याला घरी चार दिवस राहिला, कावीळ झाली, ती अंगावर काढली, आणि पुण्याच्या लष्करी इस्पितळात गेला. लढाईत गेला असता तर झेंडावंदनाला तिला स्टेजवर खुर्ची मिळाली असती, असं कुणीतरी तिच्यादेखत म्हणालं होतं, आणि तेही चांगल्या मनानं. मूल नव्हतं. शिराळ्याच्या घरी राहायचं तिनं नाकारलं आणि सांगलीतल्या रक्तपेढीत नोकरी धरली. रक्ताचे गट तपासायचे, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, फ्रीजचं तापमान बघायचं. या कामात तिचं मन लागायचं. रक्ताची पिशवी कुणाची आहे हे तिथं कुणी विचारत नसे, कुठल्या गटाची आहे एवढंच विचारलं जाई. सकाळी निघताना ती बारीक मरून रंगाची टिकली लावायची. कुणाला दाखवायला नव्हे. कपाळ मोकळं असलं की आरशातलं तोंड अर्धवट पुसल्यासारखं दिसायचं, म्हणून.

शिवांजलीला हे कुणी सांगितलं असेल, याचा ती दुपारभर विचार करत राहिली. शिवांजली कोरेगावच्या धाकट्या भावाची, उदयसिंहाची मुलगी. वहिनीला, प्रियदर्शनीला, दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, म्हणून पोरीला आत्याकडं सांगलीला आणून सोडलं होतं. प्रियदर्शनी असलं काही बोलणारी नव्हती. उदयसिंहाच्या तर हे डोक्यातही आलं नसतं. राहिली आई. पण तिनंही हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. आईची रीत वेगळी होती. घरात सवाष्णींचं काही असलं, कुंकवाचं ताट हलायला लागलं, की आई आतल्या दाराकडं बघून म्हणायची, "राजे, चहाचं बघ की जरा." आवाजात माया असायची. चहा खरोखरच करायचा असायचा. राजेश्वरी उठायची, आत जायची, आणि ताट फिरून झाल्यावर कपबशा घेऊन बाहेर यायची. कुणाला काही टोचायचं नाही, कुणाला काही बोलावं लागायचं नाही. लोक नावं ठेवतील ही आईची एकच भीती होती, आणि लेकीला कुणी काही बोलायच्या आत तिला तिथून हलवायचं हा तिचा उपाय होता. शिवांजलीच्या बारशालाही तसंच झालं होतं. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, हा आत्याचा मान. पण वीरधवलला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि आष्ट्याची चुलत बहीण सुला आपोआप पाळण्याशी बसली होती. राजेश्वरीनं नाव ऐकलं ते दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर फुंकर घालता घालता. तेव्हा तिला वाटलं होतं की हे कुणाच्या लक्षात आलं नसेल. आता कळत होतं की त्या घरात पुढं एक अशी व्यक्ती वाढत होती, जी सगळं बघत होती. ताट निघालं की आत्या आत जाते. प्रत्येक वेळी जाते. म्हणजे तसं असतं.

संध्याकाळी शिवांजलीनं बाहुल्यांचं हळदीकुंकू मांडलं. दोन बाहुल्या, एक कापडी हत्ती, आणि खालच्या मजल्यावरून आणलेली एक प्लॅस्टिकची बदकीण. बाहुल्यांना आणि बदकिणीला तिनं पुढं बसवलं. हत्तीला भिंतीशी नेऊन ठेवलं आणि त्याच्यापुढं खेळातला गॅस मांडला. राजेश्वरी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, हत्तीला तिकडं का बसवलंस. शिवांजली म्हणाली, त्याला चहा करायचाय. मग कुंकू लावून घेतल्यावर करेल की, राजेश्वरी म्हणाली. शिवांजलीनं तिच्याकडं जरा कीव केल्यासारखं बघितलं. "तसं नसतंय आत्या. चहा करणाऱ्याला नसतंय." कुणी सांगितलं तुला? कुणी नाही, मला माहितीय. मग तिनं हत्तीची सोंड नीट केली, त्याला पापा दिला, आणि पुन्हा पुढच्यांकडं वळली. राजेश्वरीच्या हातातली घडी तशीच राहिली. म्हणजे नवरा नसल्याचं पोरीच्या हिशेबात नव्हतंच. तिनं आपल्या परीनं कारण शोधलं होतं आणि ते कारण खऱ्यापेक्षा कितीतरी सरळ होतं. तिला हसू येत होतं. पण हत्तीबद्दल त्या पोरीच्या मनात काडीचाही आकस नव्हता. आकस असता तर बरं झालं असतं. आकस घालवता येतो.

दुसऱ्या दिवशी पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून राजेश्वरी तिला रक्तपेढीत घेऊन गेली. रक्त देऊन झालेली माणसं जिथं कॉफी-बिस्किटं घेत बसतात, ती बाजूची खोली क्रांतीकडं असायची. क्रांती तिची तिथली जवळची मैत्रीण. तिनं शिवांजलीला एक स्टूल दिलं आणि बिस्किटांच्या ताटाशी बसवलं. मधल्या काचेतून राजेश्वरीला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. कुणा पेशंटचा म्हातारा बाप सकाळपासून बाकावर बसून होता. त्यानं ताटाकडं हात नेला तशी शिवांजली म्हणाली, "रक्त दिल्यावर मिळतंय." म्हाताऱ्यानं हात मागं घेतला. क्रांतीनं ऐकलं, वळून म्हणाली, आजोबांना मी दिलीत गं, खाऊ देत त्यांना. म्हाताऱ्यानं बिस्किटं घेतली. थोड्या वेळानं वरचे साहेब आत आले आणि म्हाताऱ्याला विचारायला लागले की तुम्ही डोनर आहात का, इथं कसे बसलात. म्हाताऱ्याच्या तोंडात घास होता. तो उठायला लागला. तेवढ्यात शिवांजली स्टुलावरून उतरली आणि साहेबांच्या समोर उभी राहिली. "त्यांना क्रांतीमावशीनं दिलीत," ती म्हणाली. "तुम्ही नाही घ्यायची परत." साहेब हसले, म्हाताऱ्याला बसा म्हणाले आणि गेले.

आवाज तोच होता. आदल्या दिवशी वरच्या मजल्यावर होता तोच. काचेच्या अलीकडं राजेश्वरी हातातली नळी तशीच धरून उभी राहिली. पोरीला म्हाताऱ्याची दया आली नव्हती, मघाशी त्याच्यावर रागही नव्हता. आधी त्याचं नव्हतं म्हणून मिळत नव्हतं. मग देणारीनं दिलं, तेव्हा ते त्याचं झालं, आणि आता ते कुणी काढून घ्यायला आलं तर तिच्याशी गाठ होती. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. जेवायच्या सुट्टीत राजेश्वरीनं क्रांतीला हळदीकुंकवाचं सांगितलं. क्रांती तसल्या गोष्टींवर भाषण करणारी नव्हती. तिच्या घरी हे सगळं आजीच्या वेळेलाच, धर्म बदलला तेव्हा, सुटलं होतं. ती डबा बंद करत म्हणाली, आजी सांगायची, देव उचलून घराबाहेर नेऊन ठेवले त्या दिवशी तिचे हात थरथरत होते. सगळी वस्ती करत होती म्हणून तिला करता आलं, एकटीला जमलं नसतं. मग जरा थांबून म्हणाली, "तुला कुणी दिलं तर तू घेशील का, ते सांग आधी." राजेश्वरी डबा विसळायला उठली.

प्रियदर्शनीला मुलगा झाला. फोन आला तेव्हा दोघी भाकरी खात होत्या. उदयसिंह लय खुशीत होता. राजेश्वरीनं फोन स्पीकरवर टाकला होता, तो सगळं एका दमात सांगत होता, आणि त्याच भरात म्हणाला, "आक्का, ह्या बारीला नाव तूच ठेवायचंस. काय गं शिवू, कुणी ठेवायचं नाव?" शिवांजली भाकरीच्या घासासकट ओरडली, "आत्यानं." पृथ्वीराज ठेवायचं ठरलं होतं. भाऊ खुशीत बोलून गेला होता, घरी बोलणं झालं नसणार, हे तिला ठाऊक होतं. तरी त्या रात्री भांडी घासताना ते नाव तिनं एकदा हळूच म्हणून बघितलं. नळाच्या आवाजात ते तिलाही नीट ऐकू आलं नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी ती शिवांजलीला घेऊन रेल्वेनं कोरेगावला निघाली. गाडीला गर्दी नव्हती. कराड गेलं, मसूर गेलं, उसाचे फड आणि मधूनच आल्याची शेतं खिडकीतून मागं सरकत होती. शिवांजली खिडकीच्या गजांना गाल लावून बसली होती. रहिमतपूर सुटलं तशी राजेश्वरीनं पर्स उघडली, कपाळावरची टिकली काढली आणि आतल्या आरशाला चिकटवली. हे ती दर खेपेला करायची, रहिमतपूरच्या पुढंच. कुणी सांगितलं नव्हतं. पदर सारखा करावा, केस मागं घ्यावेत, तितकंच ते हाताच्या सवयीचं झालं होतं. पर्स बंद करून तिनं मान वर केली. शिवांजली तिच्याकडं बघत होती. खिडकीकडं नव्हे. "का काढली?" तिनं विचारलं. राजेश्वरी म्हणाली, पडली असती. शिवांजलीनं मान डोलावली. तिला ते पटलं नव्हतं, पण तिनं ते ठेवून घेतलं. तिच्या तोंडावरचा तो भाव राजेश्वरीनं ओळखला. हत्तीला भिंतीशी नेताना तोच होता. आणि तेव्हा तिला कळलं की पोरगी हे एकट्या आज्जीकडून शिकली नव्हती. आई फक्त म्हणायची, चहाचं बघ. उठून जात होती ती राजेश्वरी. कधी कधी तर आईनं म्हणायच्या आधीच.

स्टेशनवर उदयसिंह गाडी घेऊन आला होता. त्यानं पोरीला उचललं, बॅग घेतली, रस्ताभर मांडववाल्याबद्दल बोलत राहिला, आणि आरशातून एकदाही बहिणीकडं बघितलं नाही. तेवढ्यावरून तिला समजलं. घरी सुला आष्ट्याहून सकाळीच आली होती. आईनं राजेश्वरीला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, किती वाळलीस म्हणाली. मग स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात सांगितलं, "उदय बोलला असंल काय बाय. त्याला काय कळतंय. मानसं नावं ठेवत्यात, राजे. तुला कुनी कायबी बोललेलं मला न्हाई सोसायचं." राजेश्वरी बरं म्हणाली. आईचा हात तिच्या हातावर होता आणि तो खरोखर थरथरत होता. त्या हाताशी कसं भांडायचं हे तिला कधीच कळलं नव्हतं.

बारशाच्या दुपारी हॉल बायकांनी भरून गेला. भाड्यानं आणलेल्या पाळण्याला फुगे लावले होते. पुरुष व्हरांड्यात खुर्च्यांवर होते. राजेश्वरी आत घुगऱ्या परतत होती. फोडणीचा धूर डोळ्यात जात होता, बाहेरून बायकांच्या बांगड्या आणि पाळणा म्हणणारे सूर येत होते, आणि तिला सगळं बरंच सोपं वाटत होतं. ओळखीची जागा, ओळखीचं काम. सूर थांबले. आईचा आवाज आला, सुले, हो पुढं. आणि त्यापाठोपाठ तो साधा आवाज.

"सुलाआत्या, तू नाही. आत्या आत आहे."

कुणीतरी हसलं. आई म्हणाली, आगं तिला काम हाय आत. शिवांजली म्हणाली, "काम मी करते. नाव आत्यानं ठेवायचंय. पप्पांनी सांगितलंय." मग तिनं व्हरांड्याकडं तोंड करून मोठ्यानं विचारलं, "पप्पा, सांगितलं होतं ना?" बाहेरच्या खुर्च्यांचं बोलणं बंद पडलं. उदयसिंह म्हणाला, "म्हणालो होतो." एवढंच. "मग?" शिवांजली म्हणाली.

राजेश्वरी उलथनं धरून उभी होती. ती बाहेर आली नाही तर काही बिघडणार नव्हतं. आई काहीतरी बोलून वेळ मारून नेईल, सुला वाकेल, सूर पुन्हा सुरू होतील. पोरगी थोडी रडेल, तिला पेढा देतील. आणि ती एक गोष्ट शिकेल. दिलेलं हळूच परत घेता येतं. ज्याला दिलं तो आत गॅसपुढं गप्प उभा राहतो, आणि तसं असतं. पुढं कधीतरी ती स्वतःही, कुणी न सांगता, कुठल्यातरी स्टेशनच्या पुढं पर्स उघडेल. राजेश्वरीला आपला मान हवा होता की नाही, हे त्या क्षणीही तिला नक्की सांगता आलं नसतं. तिनं गॅस बंद केला. ओले हात साडीला पुसले आणि ती दारात येऊन उभी राहिली. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. आई घाईनं म्हणाली, "राजे, घुगऱ्याचं..."

"घुगऱ्या झाल्या, आई," राजेश्वरी म्हणाली.

बायकांनी पाय आवरून वाट दिली. कुणी मुद्दाम दिली, कुणी नुसतीच दिली. प्रियदर्शनी पाळण्यापलीकडं बसली होती. तिनं बाळाच्या अंगावरचं दुपटं जरा खाली केलं आणि म्हणाली, "या आक्का." सुला उठली होती. तिच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं आणि थोडा अपमानही होता. नवी साडी, घातलेले दागिने, एवढ्या बायकांत उभी. राजेश्वरी पाळण्याशी बसायला गेली तर शिवांजलीच तिच्या आडवी आली. तिचं तोंड बारीक झालं होतं. "पण आज्जीनं सुलाआत्याला पण सांगितलं होतं," ती हळू म्हणाली. तिला हे आत्ता सुचलं होतं. दोघींनाही दिलं होतं, आणि देणारे दोघेही घरातलेच होते, आणि आता कुणाचं काढून घ्यायचं हे तिला कळत नव्हतं. हॉलमधल्या एवढ्या बायकांत सुलाचा विचार फक्त तिनं केला होता.

राजेश्वरी तिच्यापुढं उकिडवी बसली. "बाळाला कान किती असतात?"

"दोन."

"मग?"

शिवांजलीनं पाळण्यात वाकून खात्री करून घेतली. मग ती बाजूला झाली.

सुला डाव्या बाजूला बसली, राजेश्वरी उजव्या. सुलानं पाळण्यावरून तिच्याकडं बघितलं आणि पुटपुटली, आधी तू. राजेश्वरी वाकली. वेखंडाचा, धुरीचा, दुधाचा वास आला. कान इतका लहान होता की ओठ कुठं न्यायचे कळेना. कुर्रर्र, ती म्हणाली, पृथ्वीराज. पलीकडून सुलाचा आवाज आला. आत्या नाव सांगत असताना बायका तिच्या पाठीवर धपाधप मारतात, तशी रीत असते. क्षणभर कुणाचा हात उठला नाही. मग सुलाच्या पाठीवर कुणीतरी मारलं, मग राजेश्वरीच्या, आणि मग कुणाचा कुणाला हिशेब राहिला नाही. हसण्याचा गलका झाला. मानेखाली, खांद्यावर, कमरेवर हात पडत होते, काही जोरात, काही उगीच लावल्यासारखे. एवढे हात तिच्या अंगाला किती दिवसांत लागले नव्हते. त्यातला एक हात मारत नव्हता. तो पाठीच्या मधोमध येऊन नुसता टेकून राहिला होता आणि थरथरत होता. तिनं वळून बघितलं नाही.

गलक्यानं बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. राजेश्वरी तशीच पाळण्यावर वाकून राहिली होती. पाठ गरम झाली होती, डोळ्यांपुढचे फुगे धुरकट दिसत होते, आणि तिला वाटत होतं आणखी थोडा वेळ असंच राहावं. तेवढ्यात तिच्या दंडाला कुणीतरी हलवलं.

"ऊठ आत्या," शिवांजली म्हणाली. "तुझा नंबर झाला. आता बाळाला प्यायचंय."

राजेश्वरी उठली आणि प्रियदर्शनीला जागा करून दिली.